बटनवाला मोबाइल, किंमत १,४५० रुपये : एका लोकसभेपुरता वापर

पहिले एक सांगून टाकतो. हे मी बोलतोय आणि टाइप मुलगी करतेय, तिच्या मोबाइलवर. ज्या फोनबद्दल सांगायचं आहे त्याच्यावर मराठी लिहिता येत नाही, वाचताही येत नाही.

आमचं गाव कळंब तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. पाच एकर वावर, एक विहीर. कापूस, तूर, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी राहिलं तर उन्हाळी भुईमूग. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटारीचा पाइप पाहायला विहिरीवर वाकलो आणि वरच्या खिशातला टचस्क्रीन सुटून सरळ खाली. डुबुक. तीन वर्षांचे फोटो, पोरीच्या साक्षगंधाचे व्हिडिओ, सगळं पन्नास फूट पाण्यात. नवा घ्यायचा तर नऊ-दहा हजार पाहिजेत. माझा कापूस संक्रांतीनंतर क्विंटलला ६,८०० नं गेला होता, हमीभाव ७,०२० असताना. सोयाबीन घरातच थप्पी लावून होतं, कारण हमीभाव ४,६०० आणि आमच्याकडं ४,२०० च्या वर कोणी बोलायला तयार नाही. मग कळंबच्या एका दुकानातून हा बटनवाला उचलला. कंपनीचं नाव सांगत नाही. या किमतीत दहा कंपन्या मिळतात आणि आतला माल मला तरी एकसारखाच वाटतो.

घेतला तो दिवस पक्का लक्षात आहे, २८ फेब्रुवारी. त्या दिवशी पंतप्रधानांची यवतमाळला सभा होती. बायको बचत गटाच्या बसमध्ये बसून सकाळीच निघून गेली होती. कळंब-वर्धा रेल्वेला हिरवा झेंडा त्याच दिवशी मिळाला. पीएम किसानचा सोळावा हप्ता आणि राज्याच्या नमो शेतकरीचे दोन हप्तेही तिथूनच सुटले. दोन-दोन हजाराचे तीन, म्हणजे सहा हजार. सिम टाकल्यावर दोन दिवसांत मेसेज यायला लागले आणि फोनचा पहिला दोष तिथंच कळला. बँकेचा इंग्रजी मेसेज स्वच्छ दिसला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे मराठी मेसेज मात्र नुसते चौकोन. चौकोन, चौकोन, मध्येच एखादा आकडा, पुन्हा चौकोन. पुतण्याला दाखवलं तर म्हणाला, "मोठेबाबा, याच्यात मराठी फॉन्टच नाही."

मी त्याला म्हटलं, पैशाचा मेसेज दिसते ना, झालं तर मग.

पण पुढं दोन महिने निवडणूक लागली आणि पक्षांचे, उमेदवारांचे मिळून जे काही मेसेज आले ते सगळे माझ्याकडं चौकोनच होऊन आले. कोणी काय आश्वासन दिलं असेल ते असो. माझ्या फोनवर सगळे पक्ष सारखेच दिसत होते.

आता गुण सांगतो. सगळ्यात मोठा गुण रेडिओ. यवतमाळची आकाशवाणी वावरात खणखणीत लागते. घरी टिनाखाली नुसती खरखर, त्यामुळं घरी बसून ऐकायचा नाद सोडा. डब्यात कानात घालायची वायर येते. ती कानात घालायची गरज नाही, पण तीच ॲन्टेना आहे, ती खोचल्याशिवाय स्टेशन धरत नाही. माझी वायर बाराव्या दिवशी वावरातल्या खोपडीत उंदरानं कुरतडली. दुसरी साठ रुपयांना आणली आणि तिचं टोक बाभळीच्या फांदीला अडकवलं. तेव्हापासून आवाज आधीपेक्षा चांगला येतो. घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

रेडिओ मला जागलीसाठी पाहिजे होता. भुईमुगावर रानडुकरं येतात. एका रात्रीत पिकाच्या चार ओळी उकरून टाकतात, सकाळी पाहिलं तर कोणी नांगर घातल्यासारखं. फटाके महाग, कुत्रं आमचं म्हातारं. मग फोनचा आवाज पूर्ण करून मेढीला बांधून ठेवायचो. आवाजाच्या बाबतीत फोनला मानलं पाहिजे, पाठीमागं रुपयाएवढं भोक आहे पण शेजारच्या वावरात ऐकू जातो. आकाशवाणीवर पक्षांना भाषणासाठी वेळ देतात, फुकट, आणि कोण कधी बोलणार त्याच्या चिठ्ठ्या निघतात. ते प्रसारण मी याच्यावर ऐकलं. एकाच्या मागे एक, कोणी मध्ये बोलत नाही, कोणी कोणाच्या अंगावर धावून येत नाही. डुकरांवर मात्र भाषणाचा परिणाम शून्य. गाणी लागली की दूर राहायची, एका सुरातलं भाषण सुरू झालं की धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, यायची. हा माझा दहा-बारा रात्रींचा अनुभव आहे. त्याच्यातून कोणी काही अर्थ काढू नये.

२०१९ ची निवडणूक मी टचस्क्रीनवर पाहिली होती. सकाळी उठल्यापासून व्हिडिओ. कोण रडलं, कोणी माइक फेकला, कोणाच्या सभेत खुर्च्या रिकाम्या. मतदानाच्या दिवशी माझं डोकं जड झालं होतं आणि आमच्या मतदारसंघात उमेदवार किती आहेत हे मला माहीत नव्हतं. यावेळी कानानं ऐकली. १६ मार्चला, शनिवारी, तारखा जाहीर झाल्या तेव्हा मी तुरीचं कुटार भरत होतो. बातम्यांत सांगितलं की देशात सात टप्पे, महाराष्ट्रात पाच. यवतमाळ-वाशीम दुसऱ्या टप्प्यात, २६ एप्रिल. तेवढ्यात घाटंजीहून साडभाऊचा फोन. तो म्हणे, आमचं १९ ला आहे.

"एकच जिल्हा ना बाप्पा, मंग दोन तारखा काऊन?"

मी म्हटलं थांब, रात्रीच्या बातम्या ऐकून सांगतो. ऐकल्या, तलाठ्याला विचारलं, तेव्हा उमजलं की आमच्या जिल्ह्याचे लोकसभेसाठी तीन तुकडे आहेत. वणी आणि आर्णी हे विधानसभेचे भाग चंद्रपूरला जोडलेले, घाटंजी त्या आर्णीत येते. उमरखेड हिंगोलीला. बाकीचे राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, पुसद हे चार, आणि वाशीम जिल्ह्यातले वाशीम, कारंजा, असे सहा मिळून आमचा यवतमाळ-वाशीम. आमचा कळंब तालुका राळेगावात. पंचावन्न वर्षांचा झालो, दहा-अकरा वेळा मत दिलं, आणि हे मला १,४५० च्या फोनवर कळलं. दाभडी गाव, जिथं २०१४ च्या मार्चमध्ये मोदींनी शेतकऱ्यांसोबत चहावर चर्चा केली होती, ते आर्णी तालुक्यातलं. त्या चर्चेचं नाव अजून निघते आमच्याकडं, कापसाचा विषय निघाला की पहिल्यांदा तेच.

उमेदवारांचा गोंधळ तर वेगळाच. भावना गवळी १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार. अर्ज भरायची शेवटची तारीख ४ एप्रिल, आणि अगदी शेवटपर्यंत त्यांना तिकीट आहे की नाही याचा पत्ता लागेना. रोज संध्याकाळी वायर बाभळीला लावायची आणि ऐकायचं. शेवटी धनुष्यबाणावर राजश्री पाटील आल्या, मशालीवर संजय देशमुख. आमच्या घरी त्याच्यावरून भांडण. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची. तिचा प्रश्न एवढाच, "शिवसेना कोनती?" मी सांगितलं की दोन आहेत. ती म्हणाली, "दोन कशा राहतीन? एक खोटी असंन." मी म्हटलं आई, आयोगानं एकाला बाण दिला, दुसऱ्याला मशाल. ती तुळशीकडं तोंड करून बसली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पंच्याऐंशीच्या वरच्या लोकांना यावेळी घरी बसून मत द्यायची सोय होती, १२-ड नावाचा अर्ज भरावा लागे. तो भरला होता. माणसं कोणत्या दिवशी येणार ते सांगायला बीएलओ बाईंचा, म्हणजे गावची मतदार यादी पाहणाऱ्या बाईंचा, फोन याच मोबाइलवर आला. आलेही त्या दिवशी. साहेब लोक, पोलीस, व्हिडिओ काढणारा एक पोरगा. आईला वाटलं मशीन आणतील. आणला कागद. "मशीन कुठं हाय?" असं तिनं तीनदा विचारलं. आम्हाला सगळ्यांना अंगणात काढलं. तिनं कोणती शिवसेना खरी मानली की तिसरंच काही केलं, ते तिनं आजपर्यंत सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट, फोनचं फोन म्हणून काम. बोलणं स्वच्छ ऐकू येते, रेंज टचस्क्रीनपेक्षा बरी. एप्रिलभर याच्यावर रेकॉर्ड केलेले फोन आले. पहिला आला तेव्हा मी भुईमुगाला पाणी लावत होतो. मोटारीची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात दिवसाची होती, म्हणून जीव थोडा निवांत. अनोळखी नंबर. उचलला तर थेट, "नमस्कार." आवाज ओळखीचा, टीव्हीवरचा मोठा माणूस. मी फावडं खाली ठेवलं, चप्पल काढली. खरंच काढली, हात आपोआप गेला. म्हटलं, "नमस्कार साहेब."

साहेब बोलत राहिले. विकास, देश, तुमचं एक मत. मी मध्ये म्हणालो, "साहेब, सोयाबीनचं काही करा, बेचाळीसशेनं मांगून रायले." साहेब थांबले नाहीत. मला वाटलं लाइन खराब आहे, म्हणून मी मोठ्यानं बोललो. "घरात थप्पी लागून हाय साहेब, हमीभाव सेहेचाळीसशे हाय." तेवढ्यात शेजारचा धुऱ्यावर येऊन उभा.

"कोनासंग बोलून रायला बे?"

"साहेबासंग."

"काय म्हंते साहेब?"

"आयकूनच नाही रायले."

तो धुऱ्यावरच बसला हसत हसत. मग त्यानं सांगितलं की हे टेप असते, त्यालाही सकाळी आला होता. कोणते साहेब ते मी सांगणार नाही, कारण आठ दिवसांत दुसऱ्या बाजूच्या साहेबांचाही आला आणि त्यांनीही ऐकलं नाही. एकदा फोन घरी राहिला तर बायकोनं उचलला आणि वावरापर्यंत धावत आली, "अजी, मोठ्या मानसाचा फोन हाय, लवकर घ्या!" मी हातात घेईपर्यंत मोठा माणूस धन्यवाद म्हणून गेला होता. उन्हात अर्धा मैल धावली बिचारी.

फोनचा यात काही दोष नाही, पण एक गोष्ट कंपनीनं करायला पाहिजे. समोर माणूस आहे की टेप, हे कळायला एखादा दिवा लावावा.

मग सर्व्हेचे फोन. अमक्याला देणार असाल तर एक दाबा, तमक्याला तर दोन, ठरलं नसेल तर तीन. इथं बटनवाल्याला तोड नाही. टचस्क्रीनवर मातीचा हात चालत नाही, फोन कानाला लावला की पडदा काळा होतो, आकडे शोधेपर्यंत वेळ संपते. याच्यावर बोटानं चाचपून दाबता येते, पाचाच्या बटनावर टिपका आहे, अंधारातही चुकत नाही. मी तीन वेळा पाच दाबला. पाच काही त्यांच्यात नव्हता. "आपण चुकीचा पर्याय निवडला आहे" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. कापूस, सोयाबीन, रात्रीची लाइन, डुकरं, यांच्यापैकी कशालाही त्यांच्याकडं आकडा नव्हता, म्हणून मी माझा वापरत होतो. मुलगी म्हणते हे लिहू नको, लोक हसतील. लिही म्हटलं.

मेसेज पाठवण्यात फोन फार मागे आहे. १९५० या नंबरला ईसीआय लिहून, जागा सोडून, मतदार कार्डाचा नंबर टाकला की आपलं नाव यादीत आहे का ते कळते. कार्डाचा नंबर म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. टचस्क्रीनवर दहा सेकंद. इथं एका बटनावर तीन-चार अक्षरं, एक अक्षर जास्त दाबलं गेलं की पुढचंच उमटते, मागं जायला गेलो तर सगळंच पुसलं. पहिल्या दिवशी मी चिडून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी निंबाखाली बसून, चष्मा लावून, वीस मिनिटांत पाठवला. उत्तर आलं, आणि नशीब की इंग्रजीत आलं. नाव होतं, केंद्र आमचीच जिल्हा परिषदेची शाळा. बायकोचं मात्र तिनंच केलं, माझ्याकडून नंबर चुकेल म्हणून. चौथी शिकलेली बाई, पाच मिनिटांत.

बॅटरी. हा दुसरा मोठा गुण. रोज तीन तास रेडिओ, पंधरा-वीस फोन, रात्री टॉर्च, एवढं करून तीन दिवस जाते. रेडिओ नसेल तर आठवडा. उन्हानं फोन बंद पडला असं एकदाही झालं नाही, आणि एप्रिलमधलं आमचं ऊन म्हणजे खेळ नाही. २४ एप्रिलला प्रचाराचा शेवटचा दिवस, पुसदच्या सभेत नितीन गडकरींना भाषण करता करता भोवळ आली. थोड्या वेळानं ते पुन्हा उभे राहून बोलले. ही बातमी मी रेडिओवर साध्या आवाजात, दोन ओळींत ऐकली. रात्री पुतण्याच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ वीस वेळा पाहिला असेल पोरांनी, खाली गाणं लावून. मला त्या व्हिडिओत गडकरींच्या मागे धावलेल्या माणसांची तोंडं दिसली, ती रेडिओवर दिसली नसती हे कबूल. पण दुसऱ्याच्या चक्कर येण्याला गाणं कोण लावते? आमच्या वावरात दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पडते.

त्याच संध्याकाळी सहाला भोंगे बंद झाले. गावात इतकं शांत झालं की ढोरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू यायला लागल्या. टेपवाले फोनही थांबले. मी सवयीनं दोनदा फोन काढून पाहिला.

२६ ला सकाळी सातलाच शाळेत गेलो. तेव्हा शंभर मीटरच्या आत मोबाइल नेता येत नव्हता. बाहेर पोरांची पंचाईत. वीस-वीस हजाराचे फोन, कोणाजवळ ठेवावे? कोणी बायकोजवळ, कोणी पानठेल्यावर, कोणी दोनदा परत फिरलं. मी माझा निंबाच्या पारावर ठेवला, वरून टोपी ठेवली आणि आत गेलो. अर्ध्या तासानं आलो तर जिथल्या तिथं. कोणी तरी टोपी सरळ करून ठेवली होती एवढंच. या फोनची ही किंमत मी धरतो.

आत मशीन दोन होती. उमेदवार सतरा. एका मशीनवर सोळाच नावं मावतात, म्हणून दुसऱ्यावर फक्त सतरावा आणि त्याच्याखाली नोटा, म्हणजे यांच्यापैकी कोणीच नको असं बटन. दाबलं. बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसली, सात सेकंद, आणि लांब बीप वाजलं. दोन महिने मी इतकी बटनं दाबली, त्यात पहिल्यांदाच समोरून धडाचं उत्तर आलं.

४ जूनला मात्र फोनची परीक्षा झाली. सगळं गाव फाट्यावरच्या हॉटेलात टीव्हीसमोर. मी शेणखताच्या बंडीवर, कारण मृग तीन दिवसांवर आला होता. रेडिओवर बातम्या ठरलेल्या वेळीच, मध्ये गाणी. निकाल ऐकायला रेडिओ कमी पडतो, हे मान्य करतो. पण दर दहा मिनिटांनी पुतण्याचा फोन, "मोठेबाबा, दहा हजारानं पुढं," "मोठेबाबा, तीस हजार." संजय देशमुख ९४,४७३ मतांनी आले. दुपारी बॅटरीची शेवटची काडी उरली, पहिल्यांदाच. संध्याकाळच्या बातम्यांआधी बंद पडला. चार्जरची पिन जुन्या पद्धतीची आहे, घरात कोणाचीच जुळत नाही, आणि माझा चार्जर खोपडीत. मग मीही हॉटेलात गेलो, चहा घेतला, आणि जे दुपारीच कळलं होतं ते पुन्हा टीव्हीवर पाहिलं.

घ्यायचा असेल तर दुकानातच कोणाला तरी मराठीत मेसेज टाकायला लावा. चौकोन दिसले तर तो ठेवून दुसरा मागा, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. वायर दोन घ्या. चार्जर गळ्यात बांधून ठेवा. टॉर्च चांगला आहे, साप दिसतो. कॅमेरा आहे म्हणतात, मला त्याच्यात बैल आणि बंडी यातला फरक कळत नाही. पेरणीत प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून खिशात ठेवतो, पन्नीतूनही बटनं दाबली जातात. वरच्या खिशात ठेवू नका, विहिरीवर तर नाहीच.

मुलगी विचारतेय स्टार किती द्यायचे. साडेतीन म्हटलं. साडेतीनची सोय नाही म्हणते, तीन दाबा नाही तर चार. चार दाब. बॅटरीसाठी.